फोटोपुरतं पुस्तक

प्रशिक रामटेके रोज सकाळी दात घासायच्या आधी एक पुस्तक संपवायचा. दचकू नका. त्याच्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप होतं, आणि त्यात एक गोड आवाजाचा माणूस जाडजूड पुस्तकांचं सार चहा उकळेपर्यंत सांगून मोकळा व्हायचा. यशस्वी माणसांच्या सवयी, मनाची ताकद, वेळेचं नियोजन, पहाटे उठण्याचे लाभ. हे शेवटचं तर प्रशिकने अंथरुणात पडूनच ऐकलं होतं. एक सार ऐकून झालं की तो त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ मित्रांच्या ग्रुपवर टाकायचा, खाली लिहायचा, "आज हे वाचलं", आणि कोण कोण वाहवा करतं ते बघत बसायचा.

इतकी पुस्तकं पोटात गेली, तरी बिचाऱ्याचा जीव कशात लागत नव्हता. बी.एड. झालं होतं, शिक्षक भरतीची परीक्षा दोनदा हुकली होती. अभ्यासिकेत खुर्चीवर बसला की त्याचे पाय हलायला लागत, पान उघडलं की हात खिशातल्या मोबाईलकडे जाई, आणि मोबाईल हातात घेतला की अभ्यास राहिल्याची टोचणी लागे. दिवस असा चुळबुळत निघून जायचा.

त्या दिवशी सकाळीच श्वेता ढोमणेचा फोन आला. ती त्याची बी.एड.ची मैत्रीण, इतवारीतल्या एका शाळेत सातवीच्या वर्गाला शिकवायची.

"प्रशिक, मले ताप आहे रे. उठताच नाही येऊन राहिलं. आजच्या दिवस माझे तास घेशील का? पर्यवेक्षकांना सांगितलं आहे मी."

"आजच? मी तर आज टेस्ट सिरीज..."

"अरे, आज वाचन प्रेरणा दिन आहे. तुझाच विषय! रोज ग्रुपवर एक पुस्तक टाकतो ना तू?"

प्रशिकने इस्त्रीचा शर्ट चढवला आणि गाडीला किक मारली.

इतवारीत सकाळ म्हणजे टेंपो, हातगाड्या आणि भांड्यांचा खणखणाट. शाळा एका गल्लीच्या आत, धान्याच्या गोदामांना पाठ लावून उभी. फाटकातच पर्यवेक्षक मुकुंद ठवकर सर भेटले. पन्नाशीचे, नीटनेटके, कपाळावर कायम एक आठी. शाळेचं ग्रंथालयही त्यांच्याकडेच होतं. ग्रंथालय म्हणजे ऑफिसशेजारचं काचेच्या दाराचं लोखंडी कपाट. त्याची किल्ली लाल दोऱ्यात ओवून सरांच्या खिशात असे आणि रोज घरी जाई.

"बरं झालं तुमी आले. हे बघा सर, आज दुपारच्या आत फोटो वर शिक्षण खात्याले पाठवाचे आहेत. कपाट उघडून देतो. प्रत्येक पोराच्या हातात एक पुस्तक, मुंडी खाली, चेहरा हसरा. फोटो झाला का पुस्तकं लगेच परत. पान दुमडलं नाही पाहिजे."

"आणि वाचायचं कधी, सर?" प्रशिकने सहज विचारलं.

"वाचाचं काय आहे, घरी वाचतात का पोरं!" सर हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दिवाळीनंतर तासिका तत्त्वावर एक जागा निघून राहिली. माणूस आम्हालेच सुचवाचा आहे. आजचं नीट करा."

प्रशिकच्या अंगात वीज भरली. जागा! तासांवरची का असेना, पण जागा. आज काहीही चुकायला नको, त्याने मनाशी ठरवलं.

फोटोचा कार्यक्रम झोकात झाला. कपाट उघडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा वास आला. सर एकेक पुस्तक फुंकर मारून देत होते, मुलं रांगेने घेत होती. एकाने उलटं धरलं होतं, ते प्रशिकने सरळ केलं. "आता वाचा! नाही, खरंच नका वाचू रे, मान जरा वर, डोळे बंद दिसून राहिले!" तीन-चारदा बटण दाबलं. एक फोटो छान आला. प्रशिकने घाईघाईत पुस्तकं गोळा केली, कपाटाला कुलूप लागलं, आणि वाचन प्रेरणा दिन मधल्या सुट्टीच्या आत संपलाही!

मधल्या सुट्टीनंतर प्रशिकने भाषण सुरू केलं. विषय त्याचा हातखंडा: वाचनाने व्यक्तिमत्त्व कसं घडतं.

"सांगा बरं, वाचनाचे फायदे कोणते?"

वर्गाने एका सुरात उत्तर दिलं. "वाचनाने ज्ञानात भर पडते! वाचनाने शब्दसंपत्ती वाढते! वाचनाने एकाग्रता वाढते! वाचनाने व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास होतो!"

गाईडमधला निबंध. त्या पोरांना तो पाढ्यांसारखा पाठ होता. प्रशिक खूश झाला. तो फळ्यासमोर फेऱ्या मारत बोलू लागला. सकाळी मोबाईलने जे त्याच्या कानात ओतलं होतं, ते तो पोरांच्या कानात ओतत होता. मोठी माणसं किती वाचतात, पहाटे वाचतात, प्रवासात वाचतात. बाहेर टेंपोवाल्यांचं भांडण जुंपलं होतं, म्हणून त्याला आवाज चढवावा लागत होता. पोरं जांभया देत होती. आणि खिडकीशेजारच्या बाकावरची एक मुलगी तर वर बघतच नव्हती.

प्रशिक बोलत बोलत तिच्यापाशी गेला. मुलीच्या मांडीवर निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक होतं. तिचं बोट ओळीवर होतं आणि ओठ हलत होते.

"उभी राहा! काय नाव तुझं?"

"दीक्षा गजभिये, सर."

"मी इथं घसा फोडून वाचनाचं महत्त्व सांगून राहिलो, अन् तू खाली मुंडी घालून वाचत बसली?"

वर्ग खळखळून हसला. प्रशिकला कळेना, यात हसण्यासारखं काय? तो जास्तच चिडला. त्याने पुस्तक ओढून घेतलं. तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, "सर, ते कपाटातलं आहे."

प्रशिकने पाहिलं. खरंच, आत शाळेचा शिक्का होता. म्हणजे पुस्तकं गोळा करताना हे राहिलं! त्याच्याच हातून! मुकुंद सर काय म्हणतील? आणि ती जागा? भीतीने त्याचं डोकं फिरलं आणि तोंडातून शब्द निघून गेला.

"चोरी केली तू?"

दीक्षाचं तोंड पांढरं पडलं. आणि नेमके त्याच वेळी मुकुंद सर व्हरांड्यातून चालले होते. ते थबकले.

"कोणी केली चोरी?"

थोड्याच वेळात दीक्षा ऑफिसमध्ये भिंतीशी उभी होती. निळं पुस्तक टेबलावर होतं. तिचे वडील मौद्याच्या वीज केंद्रात कामाला, आई कळमन्याच्या बाजारात एका अडत दुकानात हिशेब लिहायची. म्हणून शाळेने आजीला फोन केला होता.

"उद्या परिपाठात साऱ्या शाळेसमोर उभं करतो हिले," मुकुंद सर म्हणाले. "स्वतःच्या तोंडानं सांगीन ती, मी शाळेचं पुस्तक चोरलं म्हणून. म्हणजे बाकीच्यांना धाक बसते." मग ते प्रशिककडे वळले. "पकडलं तुमी. तिच्या आजीले तुमीच सांगा काय झालं ते. जरा कडक सांगा. खंबीर माणूस लागते आम्हाले."

प्रशिकने मान हलवली. पण त्याचा पाय टेबलाखाली थांबायचं नाव घेत नव्हता. सातवीतली पोर. उद्या सकाळी प्रार्थनेनंतर माईकसमोर उभी राहणार, आणि मग दहावीपर्यंत तिचं नाव पडणार, पुस्तकचोर. तो शब्द त्याने उच्चारला होता. काय गरज होती?

सिंधूताई गजभिये आल्या त्या ताठ मानेने. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून उभी हयात नोकरी केलेली बाई. निवृत्त झाली तरी चालणं तसंच होतं, वॉर्डात राउंडला निघाल्यासारखं. प्रशिकने तोंड उघडायच्या आतच मुकुंद सरांनी सगळं सांगितलं. सिंधूताईंनी ऐकून घेतलं आणि नातीकडे पाहिलं.

"घेतलं का वं तू?"

"हो, आजी."

"विचारून?"

"नाही."

"मग ते चुकलं. सरांची माफी माग."

"चुकलं, सर," दीक्षा म्हणाली.

"काहून नाही विचारलं पण?" आजीने विचारलं.

दीक्षा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागली. मग म्हणाली, "विचारलं होतं, आजी. मागच्या वर्षी फोटोच्या दिवशी हेच पुस्तक माह्या हातात आलं होतं. फोटो निघेपर्यंत वाचलं मी. पूर आला असते अन् ती पोरगी बकरी घेऊन झाडावर चढते. तितक्यात पुस्तकं जमा झाली. मग मी सरांना दिवाळीनंतर विचारलं, तर सर म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. मग उन्हाळ्याच्या सुट्टीआधी विचारलं. सर म्हणाले, पुढच्या वर्षी. आज मी रांगेत जागा बदलून बदलून तेच पुस्तक घेतलं. खालच्या फांदीवर साप येऊन बसला होता, आजी. म्हणून ठेवून घेतलं."

एक मुलगी, अर्ध्या गोष्टीत अडकून, वर्षभर एका कुलपाकडे बघत होती! वर्षभरात प्रशिकने किती पुस्तकं "वाचली" म्हणून ग्रुपवर टाकली होती. त्यातल्या एकाचं तरी पुढे काय झालं म्हणून त्याची झोप उडाली होती का?

"मले आठवत नाही, कधी विचारलं हिनं," मुकुंद सर पुटपुटले.

"तुमाले काहून आठवीन, सर?" सिंधूताई म्हणाल्या. "तिले आठवते. मी दर दसऱ्याले दीक्षाभूमीवरून पिशवीभर पुस्तकं आणतो. घरात भिंतभर आहेत. पण ती मोठ्यांची. या पोरीले तिच्या वयाचं पाहिजे होतं, अन् माह्या ध्यानातच नाही आलं. तेवढी चूक माही. बाकीचं मात्र मी बोलतो, राग नका मानू."

"बोला ना, बाई. पण नियम म्हणजे नियम."

"नियमच सांगतो. आमच्या वॉर्डात औषधाचं कपाट राहत होतं. त्यालेही कुलूप होतं. पण चावी नर्सजवळ, अन् नर्स पेशंटजवळ. औषध कमी झालं म्हणजे ते कोणाच्या तरी पोटात गेलं, असं आमी समजत होतो. अन् एखाद्या वॉर्डात कपाट जसंच्या तसं भरलेलं सापडलं, तर मेट्रन फाडून खात होती. म्हणे, पेशंट तडफडून राहिले अन् तू गोळ्या सांभाळून राहिली? एक्स्पायर झाल्या त्या, आता फेक नालीत!" त्यांनी काचेच्या कपाटाकडे बोट केलं. "तुमचं कपाट पाहा, सर. एक पान दुमडलेलं नाही. मले तर ते पाहून धडकी भरते."

मुकुंद सरांची आठी आणखी खोल गेली. "तुमाले सांगाले काय जाते? एके वर्षी पुस्तकं कमी भरली तर तपासणीत मलेच उभं केलं. साऱ्या स्टाफसमोर विचारलं, पुस्तकं गेली कुठं? तेव्हापासून मी ठरवलं, का एक कागद हलू द्यायचा नाही."

"साऱ्यांसमोर उभं केलं तर कसं वाटते, हे तुमाले माहीत आहे तर मग," सिंधूताई शांतपणे म्हणाल्या. "अन् उद्या तुमी या पोरीले उभं करणार."

सिंधूताईंनी आता प्रशिककडे तोंड वळवलं.

"तुमी पकडलं म्हणे, सर. तुमीच सांगा, ही पोरगी पुस्तक घेऊन काय करून राहिली होती? विकून राहिली होती? लपवून ठेवून राहिली होती?"

आता आली परीक्षा! प्रशिकने मुकुंद सरांकडे पाहिलं. ते त्याच्याकडेच बघत होते. ती दिवाळीनंतरची जागा त्या नजरेत स्वच्छ दिसत होती. कडक सांगायचं, एवढंच तर काम होतं. मग त्याने भिंतीशी उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. त्याच्याकडून तिला कसलीच आशा नव्हती, आणि तेच त्याला लागलं.

"वाचत होती," तो म्हणाला.

"जोरात बोला, सर," मुकुंद सर म्हणाले.

"वाचत होती, सर! मी वाचनावर भाषण देत होतो, अन् साऱ्या वर्गात एकटी ही वाचत होती. अन् मी तिच्या हातून पुस्तक ओढून घेतलं. पोरं हसली ती मलेच हसली, हे मले आता समजून राहिलं. चोरी हा शब्द माझ्या तोंडून निघाला, तो चूक होता. मी तो परत घेतो. उद्या परिपाठात कोणाले उभं करायचं असेल, तर मले करा."

"तुमी कोणाकडून बोलून राहिले, सर?" मुकुंद सर ताडकन उठले. "अर्ध्या दिवसाचे मास्तर तुमी!"

"हो, सर. पण तेवढ्या अर्ध्या दिवसात मी या पोरांना वाचायला एक ओळही दिली नाही. फक्त वाचा म्हणून सांगितलं."

सरांनी टेबलावरचं निळं पुस्तक हातात घेतलं. "पान-बिन फाटलं का पाहतो मी," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "जा तुमी सारे. उद्याचं उद्या."

शेवटच्या तासाला प्रशिक वर्गात परतला तेव्हा वर्ग चिडीचूप होता. दीक्षा आपल्या बाकावर जाऊन बसली. प्रशिकची भाषणं संपली होती.

"दीक्षा," तो शेवटी म्हणाला, "त्या झाडावरच्या पोरीची गोष्ट सांगशील का? जितकी वाचली तितकी."

ती आधी लाजली. मग उठून फळ्यासमोर आली आणि सांगू लागली. नदीचं पाणी अंगणात कसं शिरलं, पोरीने दोर सोडून बकरी खांद्यावर कशी घेतली, खालच्या फांदीवर आधीच एक साप कसा येऊन बसला होता. मघाशी जांभया देणारी पोरं बाकांवर पुढे सरकून ऐकत होती. प्रशिक मागच्या बाकावर मुलांमध्ये बसला होता. मध्येच त्याच्या लक्षात आलं, की त्याचा पाय हलत नाहीये.

"अन् मग फांदी कडकड वाजली," दीक्षा म्हणाली, आणि थांबली.

"मग? मग काय झालं?" सगळा वर्ग ओरडला.

"मले माहीत नाही. तिथंच या सरांनी ओढून घेतलं."

शाळा सुटली. मुलं गेली. प्रशिक ऑफिसवरून जाताना आत डोकावला. मुकुंद सर खुर्चीवर बसले होते, चष्मा नाकावर, निळं पुस्तक डोळ्यांसमोर. पान फाटलं की नाही हे बघायला एवढा वेळ लागत नाही, वाचकहो! शिपाई दोनदा कुलूप लावायला येऊन गेला, तरी सरांनी मान वर केली नाही. प्रशिक चोरपावलांनी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी श्वेताचा ताप उतरला होता. प्रशिकचं शाळेत काही काम नव्हतं. तरी सकाळपासून त्याला चैन पडेना. मोबाईलवाल्या गोड माणसाने आजचं सार सुरू केलं, ते त्याने मध्येच बंद केलं आणि गाडी काढली. परिपाठ सुरू झाला तेव्हा तो फाटकाशी उभा होता. सिंधूताईही आल्या होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

प्रार्थना झाली. मुकुंद सर माईकसमोर आले. "दीक्षा गजभिये, समोर ये."

रांगांमधून कुजबुज गेली. दीक्षा पुढे आली. तिने ओढणीचं टोक घट्ट धरलं होतं. प्रशिक फाटकातून एक पाऊल आत आला.

सरांनी घसा खाकरला. "काल या मुलीनं कपाटातलं पुस्तक विचारल्याशिवाय ठेवून घेतलं. त्याबद्दल तिनं माफी मागितली. अन् मी तिले चोर ठरवलं." ते थांबले. साऱ्या शाळेसमोर उभं राहणं काय असतं, हे त्यांना परत एकदा कळत होतं. "मी चुकलो. तिनं माझ्याकडे पुस्तक मागितलं होतं, अन् मी वर्षभर दिलं नाही. इतकी वर्षं त्या कपाटाची चावी माझ्याजवळ आहे, अन् त्यातलं एक पुस्तक मी काल पहिल्यांदा वाचलं. दीक्षा, मले माफ कर, बेटा."

असं पर्यवेक्षक बोलतात? मुलांना विश्वासच बसेना! सर पुढे होऊन पुस्तक देत होते, आणि दीक्षा ते घेताना रडत होती. सिंधूताईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आजपासून मधल्या सुट्टीत कपाट उघडं राहीन," सर म्हणाले. "ज्याले पाहिजे त्यानं घरी न्यावं. पान फाटलं तर सांगा, चिकटवून देईन. ज्यांना पुस्तक पाहिजे त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. मैदानभर हात!

प्रशिकच्या जागेचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. ते अजून ठरायचं आहे. मुकुंद सर त्याला "दिवाळीनंतर भेटा" एवढंच म्हणाले. तो मात्र त्याच दिवशी सिंधूताईंच्या घरी गेला आणि भिंतीवरच्या पुस्तकांतून एक घेऊन आला. पहिल्या दिवशी त्याची चार पानंही वाचून झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त झाली. ग्रुपवर त्याने काही टाकलं नाही.

आणि आपण? आपण मुलांना उठता-बसता सांगतो, वाचा, वाचा! मग पुस्तकं शोकेसमध्ये ठेवतो, हात लावू नको म्हणून ओरडतो, आणि स्वतः मोबाईल चाळत बसतो. वाचनाचे फायदे पाठ करून कोणी वाचक होत नाही. माणसाची वाढ यादीतल्या पुस्तकांनी होत नाही. ती अशा एका पुस्तकाने होते, जे आपल्याला पुढचं पान उलटायला लावतं. असं पुस्तक कुठल्या मुलाच्या हाती कधी लागेल हे आपल्याला ठरवता येणार नाही. आपल्या हातात एवढंच आहे, की मूल मागेल तेव्हा त्याला "पुढच्या वर्षी" म्हणायचं नाही. कपाट तुमच्या घरात असो की शाळेत, आज संध्याकाळीच ते उघडा.